वाऱ्याच्या तोंडावरचा मुक्काम

खंडाळा म्हटलं की बहुतेकांना लोणावळ्याशेजारचं थंड हवेचं ठिकाण आठवतं. साताऱ्याचा खंडाळा तो नव्हे. शिरवळच्या पुढे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी असलेलं हे तालुक्याचं गाव. महामार्गावरच्या गाड्या बहुधा इथं न थांबताच घाटाला लागतात. वाई, पाचगणी, कास, ठोसेघर या सगळ्या वाटा इथूनच पुढे फुटतात, आणि अलीकडे त्या वाटांवर कॅम्परव्हॅनही दिसू लागल्या आहेत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा टाकायचा आणि सकाळी पडदा सारला की समोर दरी, अशी ही हौस. जाहिरातीच्या फोटोत वारा मात्र दिसत नाही.

तो किती असतो याचा अंदाज साताऱ्यात पवनचक्क्या बघूनच येतो. चाळकेवाडीचं पठार आणि पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याचा डोंगरमाथा पवनचक्क्यांनी भरून गेला, कारण या उघड्या माथ्यांवर पश्चिमेकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्याला अडवणारं फारसं काही नाही. वर्षाची मोठी कमाई या चक्क्या पावसाळ्यातच करून घेतात. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वारा गेला की मोठी पवनचक्की स्वतःला बंद करून घेते. कंपन्यांनी वाऱ्यासाठीच निवडलेल्या जागा आणि पर्यटकाला ‘व्ह्यू’साठी हव्या असलेल्या जागा बऱ्याचदा एकच निघतात, ही यातली खरी गोम.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. सहा मीटर लांब आणि अडीच मीटर उंच गाडीची आडवी बाजू साधारण १५ चौरस मीटर भरते. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात त्या बाजूवर ढोबळमानानं साठ-पासष्ट किलोचा रेटा येतो, तर ६० किलोमीटरला तो अडीचशे किलोच्या घरात जातो. तीन टनांची उभी गाडी एवढ्यानं उलटत नाही. पण स्प्रिंगांवर ती रात्रभर झुलत राहते, छतावरच्या झरोक्याचं झाकण खडखडतं आणि आतल्या माणसाला झोप कशी ती लागत नाही. उपाय फुकटातला आहे. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं, म्हणजे वाऱ्याला सामोरा येणारा पत्रा जवळपास एक तृतीयांशावर येतो.

दार उघडतानाही भान हवं. मागून वारा असेल तर पुढचं दार हातातून निसटतं आणि बिजागरीसकट वाकतं. बाजूला ओढून काढायचं कापडी छप्पर, म्हणजे ऑनिंग, हे तर वाऱ्याच्या दृष्टीनं शीडच. संध्याकाळी हवा छान पडली म्हणून ते तसंच ठेवून झोपणाऱ्याला मध्यरात्री अंधारात, पावसात, वाकलेले दांडे गोळा करावे लागतात. काही गाड्यांचं छत वर उचलून वरच्या मजल्यावर झोपता येतं. तिथल्या कापडी भिंती वाऱ्यात इतक्या फडफडतात की छत खाली घेऊन सगळ्यांनी खालीच दाटीवाटीनं झोपलेलं बरं.

आडोसा शोधण्यात मात्र थोडी अक्कल लागते. दाट झाडोरा किंवा भिंत तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. म्हणजे पाच मीटर उंचीच्या दाट कुंपणापासून वीस-पंचवीस मीटरवर थांबूनही निवारा मिळतो, वडाच्या फांद्यांखाली शिरायची गरज नाही. कड्याच्या काठावर वारा वर उसळतो. कड्याच्या मागे लगेचच तो भोवऱ्यासारखा फिरतो, त्यामुळे डोंगराच्या पाठीशी लागलो म्हणजे सुटलो, असंही नसतं.

पेट्रोल पंप हा रात्रीच्या मुक्कामाचा लाडका पर्याय. उजेड असतो, शौचालय असतं, माणसांचा राबता असतो. फक्त वर मान करून जवळपास होर्डिंग आहे का ते बघावं. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात एक अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावरच कोसळलं आणि १७ जण दगावले.

ती तारीख मे महिन्याची आहे, हेही लक्षात घेण्याजोगं. आषाढातला वारा एकाच दिशेनं, दिवसचे दिवस वाहतो, त्यामुळे त्याच्याकडे तोंड करून गाडी लावता येते. वळवाचं तसं नाही. दुपारभर पान हलत नाही, मग पूर्वेकडे आभाळ काळवंडतं, ढगातून थंड हवा धाडकन खाली येते आणि दिशा क्षणात पालटते. अशा वेळी हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा मोबाइलवर बघणं उपयोगी पडतं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे.

आषाढातल्या वाऱ्यात उघड्यावर मुक्काम करायची सवय खंडाळा तालुक्याला जुनी आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते ती लोणंदच्या मुक्कामाला. दिंड्यांचे ट्रक सामान घेऊन पुढे येतात आणि पायी चालणारे पोचेपर्यंत तंबू, राहुट्या उभ्या राहतात. ट्रकवर ताडपत्री आवळलेली, आत वळकट्या, पातेली, शेगड्या. चाकांवरचं हे बिऱ्हाड कॅरॅव्हॅनच्या कितीतरी आधीचं, आणि तिथं ताडपत्रीची दोरी सैल ठेवलेली कुणाला चालत नाही.

वाऱ्याच्या रात्रीचा सगळ्यात मोठा धोका मात्र वाऱ्याचा नसतोच. गार झोत नको म्हणून सगळ्या काचा, झरोके घट्ट लावले जातात आणि ऊब यावी म्हणून आत गॅस किंवा कोळशाची शेगडी पेटती ठेवली जाते. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. वाऱ्याच्या आडची एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, स्वयंपाक उरकला की सिलिंडर बंद करायचा आणि उबेसाठी घोंगडं घ्यायचं. गॅसचा सुगावा देणारा छोटा डिटेक्टर असेल तर उत्तमच.

एवढं करूनही वारा वाढत गेला तर? रात्री घाईघाईनं खंबाटकी चढायला घेऊ नये. उंच गाडीला वळणावळणावर आडवा झोत बसतो आणि उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीला तो जास्त महागात पडतो. शिरवळ ते खंडाळा पट्ट्यात महामार्गालगत ढाबे आहेत, ट्रकवाले तिथं रांगेनं गाड्या लावून झोपलेले असतात. मालकाला विचारून त्या रांगेत, दोन ट्रकच्या मधे गाडी लावावी. घाट सकाळीही तिथंच असतो.