लोकांना काय हवंय, हे त्यांच्या वापरातून कळतं!

अ‍ॅप बनवताना आपण लोकांना विचारतो, "तुम्हाला कोणत्या सोयी हव्यात?" पण खरी गरज या प्रश्नातून क्वचितच कळते. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे केनियातली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा.

२००५ मध्ये व्होडाफोन आणि सफारीकॉम या मोबाइल कंपन्यांनी तिथे एक छोटी चाचणी सुरू केली. हेतू साधा होता: गटातून सूक्ष्मकर्ज घेणाऱ्यांना मोबाइलवरून हप्ता भरता यावा. लोकांकडे साधे फोन होते, म्हणून सगळा मेनू सिमकार्डातच बसवला.

लोकांनी मात्र या सोयीचा वेगळाच उपयोग शोधला. प्रवासात रोकड जवळ नको म्हणून निघताना एम-पेसाच्या एजंटकडे पैसे भरायचे आणि पोहोचल्यावर काढून घ्यायचे. कुणी कामाच्या मोबदल्यात दुसऱ्याचा हप्ता भरायचं, तर कुणी गावाकडच्या नातेवाइकांना टॉकटाइम पाठवायचं.

चाचणी करणाऱ्यांनी हा वापर चुकीचा ठरवला नाही, नीट टिपून घेतला. मार्च २००७ मध्ये सेवा देशभर सुरू झाली ती 'घरी पैसे पाठवा' या एकाच संदेशावर. कर्जाचे हप्ते भरायचा मूळ हेतू मागे पडला.

तुम्हीही सॉफ्टवेअर बनवत असाल तर एवढं नक्की करा:

✅ "काय हवं?" ऐवजी "मागच्या वेळी हे काम कसं केलंत?" असं विचारा.
✅ फोन वापरणाऱ्याच्याच हातात राहू द्या, आपण फक्त बघा.
✅ लोकांनी काढलेल्या पळवाटा लिहून ठेवा. पुढची सोय तिथेच सापडते.