विमान कंपन्यांची क्रेडिट कार्डे : ‘मोफत’ तिकिटाचा हिशेब

मुंबई : विमान कंपनीचे नाव आणि रंग मिरवणारे क्रेडिट कार्ड घेण्याचा आग्रह आता प्रवाशाला विमानतळावर, तिकीट काढताना आणि बँकेच्या ॲपवर, असा सर्वत्र होतो. खर्च करा, पॉइंट मिळवा आणि मोफत प्रवास करा, असे त्याचे साधे आश्वासन असते. यापैकी खर्च आणि पॉइंट या दोन गोष्टी निश्चितपणे घडतात. प्रवास मोफत होतो का, हे मात्र कार्डधारकाच्या सवयींवर आणि विमान कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहते. या पॉइंटांचे मूळ स्वरूप ध्यानात घेतल्यावाचून त्यांचा हिशेब मांडता येत नाही.

या व्यवहाराला चार दशकांहून अधिक इतिहास आहे. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले आणि प्रवासी टिकवून ठेवण्यासाठी कंपन्यांमध्ये चढाओढ सुरू झाली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘ॲडव्हांटेज’ ही योजना आणली. जितके मैल प्रवास, तितकी बक्षिसाची जमा, असे तिचे स्वरूप होते. सहा वर्षांनी, १९८७ मध्ये, सिटी बँकेच्या सहकार्याने या योजनेला क्रेडिट कार्ड जोडले गेले. विमानात पाऊल न ठेवताही किराणा आणि कपड्यांच्या खरेदीवर मैल जमू लागले. प्रवाशांच्या निष्ठेचे बक्षीस म्हणून जन्मलेली वस्तू येथून पुढे बँकांना विकण्याचा माल झाली.

तो किती किमती माल आहे, हे करोनाकाळात दिसले. २०२० मध्ये विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली ‘मायलेजप्लस’ योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टा एअरलाइन्सला अमेरिकन एक्सप्रेसबरोबरच्या कार्ड करारातून २०२४ या एका वर्षात सुमारे ७ अब्ज डॉलर मिळाले. भारतातील आकडे त्या मानाने लहान आहेत, पण यंत्रणा तीच आहे. बँक विमान कंपनीकडून पॉइंट ठरावीक दराने घाऊक विकत घेते आणि कार्डधारकाला त्याच्या खर्चाच्या प्रमाणात वाटते. विमान कंपनीला पैसा आज मिळतो; आसन पुढे कधी तरी द्यावे लागते, किंवा द्यावे लागतही नाही.

बँकेकडे हा पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट दुकानदाराची. कार्डावर १,००० रुपयांची खरेदी झाली की दुकानदाराला पूर्ण १,००० रुपये मिळत नाहीत. साधारणतः दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क कापले जाते आणि त्यातील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर १ जानेवारी २०२० पासून असे शुल्क नाही. यूपीआयने भाजी घेतल्यावर विमानाचे पॉइंट का मिळत नाहीत, याचे उत्तर येथे आहे : वाटण्याजोगे काही उरतच नाही. दुसरी वाट अधिक रुंद आहे. ती म्हणजे ज्यांना महिन्याचे बिल पूर्ण भरता येत नाही, त्यांचे व्याज. वेळेवर बिल चुकवणाऱ्या कार्डधारकाच्या तिकिटाचा काही भार अशा रीतीने थकबाकीदार कार्डधारक उचलत असतो. जाहिरातीत अर्थातच त्याचे छायाचित्र नसते.

एका पॉइंटची किंमत किती, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. समजा, एका तिकिटाचे रोख भाडे ६,००० रुपये आहे आणि तेच तिकीट ९,००० पॉइंट अधिक १,२०० रुपये कर व शुल्क देऊन मिळते. ‘मोफत’ तिकिटावरही कर बहुधा प्रवाशालाच भरावा लागतो, हे अनेकांना पैसे भरण्याच्या पडद्यावर पोहोचल्यावर कळते. ६,००० मधून १,२०० वजा केले की ४,८०० उरतात. त्यांना ९,००० ने भागले की एक पॉइंट सुमारे ५३ पैशांचा ठरतो. पण त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचे विमान ४,८०० रुपयांत जात असेल आणि प्रवाशाने एरवी तेच घेतले असते, तर खरी बचत ३,६०० रुपयांची होते आणि पॉइंट ४० पैशांवर उतरतो. बिझनेस क्लासच्या तिकिटावर तोच पॉइंट दीड रुपयाचा भासतो, कारण त्या वर्गाचे रोख भाडेच अवाढव्य असते. जो प्रवासी स्वतःच्या खिशातून ते भाडे कधीच देणार नव्हता, त्याने ही किंमत बचत म्हणून मोजणे फसवे आहे.

आता वर्षाचा ताळेबंद मांडून पाहता येईल. उदाहरणादाखल, एखादे कार्ड १०० रुपयांच्या खर्चावर २ पॉइंट देते, पॉइंटची किंमत ५० पैसे आहे आणि वार्षिक शुल्क ३,००० रुपये आहे, असे धरू. वर्षभरात ४ लाख रुपये खर्च केल्यास ८,००० पॉइंट, म्हणजे ४,००० रुपये मिळतात. शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरता ३,५४० रुपये जातात. निव्वळ लाभ ४६० रुपयांचा. वार्षिक शुल्क नसलेले आणि एक टक्का रक्कम थेट परत देणारे साधे कार्ड याच खर्चावर ४,००० रुपये देऊन गेले असते. प्रत्यक्षात विमान कंपनीचे कार्ड ही तफावत इतर सवलतींनी भरून काढू पाहते : स्वागताचे पॉइंट, सामानाची वाढीव मर्यादा, विमानतळावरील विश्रामकक्षात प्रवेश, ठरावीक खर्च ओलांडल्यावर तिकिटाचे व्हाउचर. विश्रामकक्षाच्या प्रवेशाला अनेक बँकांनी गेल्या काही वर्षांत तिमाही खर्चाची अट जोडली आहे, तेव्हा त्याची किंमत मनात फार वाढवून धरू नये.

खर्चाचा टप्पा गाठल्यावर मिळणारे तिकीट हा या कार्डांचा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत धोक्याचा भाग आहे. वर्ष संपायला महिना उरला असताना टप्प्याला ४० हजार रुपये कमी पडत असतील, तर नव्या मोबाइलची ‘गरज’ अचानक निर्माण होते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. शिवाय प्रत्येक खर्च मोजला जातो, असेही नाही. घरभाडे, इंधन, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम, सरकारी कर अशा व्यवहारांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत किंवा मर्यादा घालतात, आणि ही यादी बदलत राहते. खर्चाचा अंदाज बांधताना महिन्याच्या एकूण खर्चातून या रकमा आधी वगळाव्या लागतात. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत त्यानंतर उरणारा आकडा अपेक्षेहून बराच लहान असतो.

वरील उदाहरणातील ४६० रुपये आता व्याजाशेजारी ठेवून पाहावेत. थकीत रकमेवर महिन्याला ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के, इतका दर भारतातील कार्डांवर नवा नाही. ५० हजार रुपयांची थकबाकी एक महिना राहिली तर व्याज १,८७५ रुपये आणि त्यावरील जीएसटी धरून २,२१२ रुपये ५० पैसे होतात. जवळजवळ पाच वर्षांचा निव्वळ लाभ एका महिन्यात संपतो. किमान देय रक्कम भरली म्हणजे बिल भागले, असा समज अजूनही आढळतो. तेवढ्याने फक्त विलंबशुल्क टळते. उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते आणि नव्या खरेदीवरील व्याजमुक्त मुदतही सर्वसाधारणपणे हातची जाते. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे व्याजदराला ती कमाल मर्यादाही उरलेली नाही.

बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्यापुढे वेगळी जोखीम असते. पॉइंट हा पैसा नाही. तो विमान कंपनीने दिलेला शब्द आहे, आणि त्या शब्दाच्या अटी बदलण्याचा अधिकार कंपनीने नियमावलीत स्वतःकडे ठेवलेला असतो. काल ९,००० पॉइंटांना मिळणारे आसन उद्या १२,००० ला मिळू शकते. मागणी वाढली की पॉइंटही वाढतात. दिल्ली, बेंगळुरू किंवा इंदूरहून दिवाळीसाठी घरी निघालेल्या कुटुंबाला नेमक्या त्या आठवड्यात पॉइंटांवर आसने मिळणे म्हणूनच कठीण जाते.

भारतातील प्रवाशांनी या शब्दाची परीक्षा तीन वेळा पाहिली आहे. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाहीत; ‘किंग क्लब’च्या पॉइंटांवर बसायला विमानच राहिले नाही. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण केले, पण ‘जेटप्रिव्हिलेज’ ही स्वतंत्र कंपनी होती आणि तिच्यात इतिहाद एअरवेजचा बहुसंख्य हिस्सा होता. त्यामुळे ती वाचली, त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने उभी राहिली आणि सदस्यांची जमा शाबूत राहिली. हे पॉइंट ज्या विमानांसाठी साठवले होते, ती विमाने मात्र गेली होती. विस्ताराचे एअर इंडियात विलीनीकरण १२ नोव्हेंबर २०२४ रोजी झाले, तेव्हा ‘क्लब विस्तारा’चे पॉइंट एकास एक या प्रमाणात ‘महाराजा क्लब’मध्ये वळते करण्यात आले. पॉइंटांचे नुकसान झाले नाही. परंतु विस्ताराच्या नावाच्या कार्डांवर मिळणारी तिकीट-व्हाउचरे २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद झाली. ज्यांनी केवळ त्या व्हाउचरसाठी मोठा खर्च या कार्डांवर वळवला होता, त्यांना नवे गणित मांडावे लागले.

जमा पॉइंटांवर व्याज मिळत नाही, मुदत मात्र संपते. वर्षानुवर्षे साठवून एकदा युरोपला जाण्याचा बेत मोहक असला, तरी जमेल तसे पॉइंट वापरून टाकणारा प्रवासी बहुधा अधिक फायद्यात राहतो. देशांतर्गत बाजारात इंडिगोचा वाटा साठ टक्क्यांहून अधिक आहे आणि एअर इंडिया समूह धरला की दहापैकी सुमारे नऊ प्रवासी या दोघांचेच असतात. ज्याच्या गावाहून एकाच कंपनीची विमाने सुटतात आणि ज्याला कामासाठी महिन्यातून एक-दोनदा प्रवास करावा लागतो, त्याला त्या कंपनीचे कार्ड शोभते. वर्षातून एकदा, जे तिकीट स्वस्त ते घेणाऱ्या कुटुंबाला ते बहुधा परवडत नाही. या दोहोंच्या मधल्या ग्राहकासाठी बँकेचे स्वतःचे पॉइंट देणारी आणि ते हवे तेव्हा वेगवेगळ्या विमान कंपन्यांकडे वळवू देणारी कार्डे अधिक लवचीक असतात. अर्थात, वळवण्याचे प्रमाणही बँका बदलतात.

नियमांच्या बाजूने कार्डधारक अगदीच उघडा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार कार्डावर नाव असलेल्या विमान कंपनीची भूमिका विपणन व वितरण आणि आपल्या सेवा उपलब्ध करून देणे, एवढीच आहे. कार्डधारकाच्या व्यवहारांची माहिती तिला मिळता कामा नये. कार्ड बँकेचेच असते आणि उत्तरदायित्वही तिचे. मात्र पॉइंट एकदा विमान कंपनीच्या खात्यात गेले की तक्रारीची वाट बदलते. शुल्क, व्याज किंवा न जमा झालेल्या पॉइंटांबाबत प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. विमान कंपनीने पॉइंट रद्द केल्यास किंवा तिकीट नाकारल्यास लोकपालाचा उपयोग नाही. तेथे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि त्यानंतर ग्राहक आयोग हा मार्ग आहे.

कार्ड बंद करायचे ठरल्यास क्रम सांभाळावा. नूतनीकरणाचे शुल्क बिलात चढण्यापूर्वी, कार्डावर शिल्लक असलेले पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करून, संपूर्ण थकबाकी भरावी आणि मगच विनंती नोंदवावी. थकबाकी नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास कार्ड बंद होईपर्यंत प्रतिदिन ५०० रुपये दंड ग्राहकाला देय असतो.