२४० दिवसांपलीकडचा करार

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत २४० हा आकडा हंगामी कामगाराला तोंडपाठ असतो. बारा महिन्यांत तेवढे दिवस भरले की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करायचं, असं महाराष्ट्राचे आदर्श स्थायी आदेश सांगत आले. म्हणून तर दिवस भरत आले की ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे काही दिवस घरी बसवतात. कायमपणाचे हक्क टाळण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही राज्याच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली. झालेला करार न पाळणं हेही त्याच यादीत आहे.

पण सुपरवायझर टपरीवर चहा पिता पिता म्हणतो, ‘पुढच्या बॅचला तुझं नाव नक्की.’ हे कुठल्या कलमात बसवायचं? सही नाही, शिक्का नाही. तरी तेवढ्या शब्दावर पोरगा वर्षभर रात्रपाळ्या करतो. ख्रिस अर्जिरिस या अमेरिकी अभ्यासकाला १९६० मध्ये कारखान्यांतले फोरमन आणि कामगार न्याहाळताना असाच न लिहिलेला समझोता दिसला. त्याने त्याला मानसिक करार म्हटलं. आणि हे फक्त तात्पुरत्या पोरांचं दुखणं नव्हे. १९९४ च्या एका अभ्यासात एमबीए झालेल्यांना नोकरीच्या दोन वर्षांनंतर विचारलं, तर निम्म्याहून जास्त म्हणाले की कंपनीने दिलेला शब्द मोडला.

मग ते नोकरी सोडतात? इथे गंमत आहे. २००७ मध्ये ५१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. शब्द मोडला की विश्वास घसरतो, कामातलं समाधान आटतं, सोडून जाण्याचे विचार वाढतात. प्रत्यक्ष सोडून जाण्याशी मात्र ठोस संबंध सापडला नाही! अनेकदा माणूस तिथेच राहतो. मस्टरवर हजेरी पूर्ण, प्रॉडक्शनही ठरल्याएवढं दिसतं. मशीनचा आवाज बदललाय हे बंद पडण्याआधी सांगणं, नव्या ट्रेनीला हातातली खुबी दाखवणं, पुढच्या पाळीवाल्यासाठी दहा मिनिटं थांबणं, हे मात्र बंद होतं. या कामांना पगारपत्रकात रकानाच नाही, त्यामुळे ती थांबल्याचं मॅनेजरला कळतही नाही.

शब्द मोडावाच लागला तर तो कसा मोडला, यानेही फरक पडतो. इथे मला सर्वांत थक्क करतो तो जेराल्ड ग्रीनबर्गचा १९९० चा शोधनिबंध. विमानांचे आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणारे एकाच कंपनीचे कारखाने. ओझर आणि अंबडच्या माणसाला ओळखीचंच काम. मोठ्या ऑर्डरी गेल्या आणि दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के पगारकपात झाली. दोन्हीकडे कामगारांकडून होणाऱ्या चोऱ्या वाढल्या, पण एकीकडे बऱ्याच कमी. तिथे साहेबांनी सुमारे दीड तास बसून आकडे दाखवले, वाईट वाटतंय म्हणाले, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे पंधरा मिनिटांत सभा गुंडाळली होती. कपात दोन्हीकडे सारखीच. फरक सव्वा तासाचा.