पारधी: ऐकीव आणि खरं

इंदूरजवळच्या राळामंडळ अभयारण्यात होळकरांचं शिकारगृह आहे. ते पाहताना शिकार म्हणजे राजा, बंदूक आणि वाघ एवढंच डोळ्यांपुढे येतं. जनावर जिवंत धरण्याची विद्या मात्र फासेपारध्यांची, म्हणजे फास लावून शिकार करणाऱ्या जमातीची.

पारधी म्हणजे बंदूकवाला, हा पहिला गैरसमज. त्याचं खरं साधन फास. तित्तिर, लावे, हरणं ही त्याची नेहमीची शिकार, आणि पक्ष्याची हुबेहूब साद घालून त्याला जवळ आणणं हे त्याचं कसब.

‘पारध्यांनीच चित्ता संपवला’ हेही अर्धवट आहे. चित्ता ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतो. अशा झाडाभोवती हरणाच्या स्नायूंचे फास मांडून पारधी तो दरबारांसाठी धरत; दरबार त्याला हरणांच्या शिकारीसाठी पाळत. कैदेत चित्त्यांची वीण जवळजवळ होतच नसे, म्हणून दर वेळी रानातलाच चित्ता लागे. त्याची झळ बसली हे खरं, पण मागणी दरबारांची होती. इंग्रजी अमलात चित्ता मारणाऱ्याला बक्षीस मिळे. गवताळ माळ नांगराखाली गेले. 1947 साली कोरिया संस्थानच्या राजाने एकाच रात्री तीन चित्ते गोळ्या घालून मारले. कोल्हापूर दरबारने तर शिकारीसाठी आफ्रिकेतूनही चित्ते आणवले होते.

मला सर्वांत जास्त खुपतो तो ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे पारधीही त्यात ओढले गेले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. संशय अजून गेलेला नाही. काही पारधी वाघांच्या चोरट्या शिकारीत अडकले, हे नाकारायचं कारण नाही; त्याची शिक्षा सगळ्या जमातीला का?

आता मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलाकडे वळू. तिथे पारधी तरुण पर्यटकांना रानातून पायी फिरवतात, माग दाखवतात, पाखरांचे आवाज काढतात. याला कुणी ‘सोंग’ म्हणतं. सोंग कशाला म्हणायचं ते अमेरिकेत पाहा. तिथे बीव्हर या प्राण्याच्या कातड्यासाठी रानोमाळ हिंडणाऱ्या फासेकऱ्यांचे 1825 ते 1840 दरम्यान वार्षिक मेळे भरत. आज तिथले हौशी लोक चामडी कपडे घालून ते मेळे पुन्हा उभे करतात. पन्नातल्या तरुणांना वेश चढवावा लागत नाही. ते आपल्या आजोबांची विद्या सांगतात. फक्त फास लावत नाहीत. 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे.

पन्नाला गेलात तर जीपची सफारी एक वेळ कमी करा आणि सकाळी या मुलांबरोबर चाला. फी पूर्ण द्या, घासाघीस नको.