करारात नसलेले कलम

टोरंटोच्या सरकारी शाळेत १९८५ साली शिकणारा मुलगा आज पन्नाशीच्या आसपास असेल. शाळेशी त्याचा संबंध कधीच संपला, पण त्याच्या काळातल्या नोंदी शाळा मंडळाच्या संगणकातून हलल्या नव्हत्या. नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, आरोग्यकार्डाचा क्रमांक असा तपशील त्यांत होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्या नोंदी चोरीला गेल्या.

विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणारे सॉफ्टवेअर ‘पॉवरस्कूल’ या अमेरिकी कंपनीचे होते. कंपनीच्या ग्राहक-साहाय्य यंत्रणेचा एक पासवर्ड चोरट्याच्या हाती लागला आणि अमेरिका-कॅनडातल्या असंख्य शाळांची कपाटे एकदम उघडली. कंपनीने खंडणी भरली. तरीही मे २०२५ मध्ये शाळा मंडळांना नव्याने धमक्या आल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ओंटारिओ आणि अल्बर्टा या प्रांतांच्या माहिती-गोपनीयता आयुक्तांनी चौकशीचे निष्कर्ष मांडले. दोष एकट्या कंपनीचा नव्हता. शाळा मंडळांनी कंपनीशी केलेल्या करारांत गोपनीयतेची आणि सुरक्षेची आवश्यक कलमेच नव्हती. कंपनीचे कर्मचारी दुरून शाळांच्या यंत्रणेत शिरू शकत होते, त्या प्रवेशावरही पुरेशी मर्यादा नव्हती.

अशा करारांवर सह्या कशा होतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही शाळेच्या कचेरीत तासभर बसले की कळते. बस, उपाहारगृह, सुरक्षारक्षक, सफाई, लिफ्टची वार्षिक देखभाल, फी भरण्याचे ॲप, परीक्षेचे सॉफ्टवेअर अशा प्रत्येक कामाचा वेगळा करार असतो. मसुदा बहुधा सेवा देणाऱ्याचाच. मुख्याध्यापक आणि हेडक्लार्क दर पाहतात, मुदत पाहतात, सही-शिक्का होतो आणि फाइल कपाटात जाते. हा अनुभव एकट्या भारताचा नाही. अमेरिकेतल्या फोर्डहॅम विद्यापीठाच्या विधी विभागाने २०१३ मध्ये तिथल्या सरकारी शाळांचे करार तपासले. मुलांची माहिती विकण्यावर किंवा जाहिरातींसाठी वापरण्यावर बंधन घालणारे करार सात टक्क्यांहूनही कमी निघाले.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग नेमका इथे होतो. यंत्र आधी स्कॅन केलेल्या पानांतली अक्षरे ओळखते, मग मजकुराचे कलमवार तुकडे करते आणि मुदतीचे कलम कोणते, नुकसानभरपाईचे कोणते, करार मोडण्याचे कोणते, अशी वर्गवारी लावते. ही नजर त्याला वकिलांनी खुणा केलेल्या करारांवरून मिळते. २०२१ मध्ये खुला झालेला ‘क्वाड’ हा संच प्रसिद्ध आहे. त्यात ५१० व्यापारी करार, ४१ प्रकारची कलमे आणि तज्ज्ञांच्या तेरा हजारांहून अधिक खुणा आहेत.

अशी तपासणी पुष्कळ काही पुढ्यात आणून ठेवते. मुदत संपण्याच्या नव्वद दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर करार आपोआप वाढेल, ही ओळ सतराव्या पानावर दडलेली असू शकते. कितीही नुकसान झाले तरी भरपाई वर्षभराच्या शुल्कापुरतीच, असे बंधन असू शकते. ‘सेवा सुधारण्यासाठी’ माहिती वापरण्याची मुभा एका साध्या वाक्यातून दिलेली असू शकते. माणसाचे डोळे थकले की अशा ओळी निसटतात.

त्याहून मोलाचे काम म्हणजे नसलेले कलम शोधणे. लिहिलेल्या मजकुरावर शंका काढता येते. जे लिहिलेच नाही, ते वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. करार संपल्यावर मुलांची माहिती किती दिवसांत पुसणार? चोरी झाल्यास शाळेला किती तासांत कळवणार? आयुक्तांना सापडलेली उणीव याच जातीची होती. पण यंत्राला ती दिसायची, तर संस्थेने आधी आपली यादी करायला हवी: कोणती कलमे हवीतच, कोणत्या अटी मुळीच चालणार नाहीत. ही यादी पालक, शिक्षक आणि वकील यांनी एकत्र बसूनच करायची आहे.

वेगाच्या आकड्यांनी भारावून जाण्याचे मात्र कारण नाही. २०१८ मध्ये ‘लॉगीक्स’ कंपनीने आपले यंत्र आणि वीस वकील यांची तुलना केली. गोपनीयतेच्या पाच करारांत यंत्राची अचूकता ९४ टक्के, वकिलांची सरासरी ८५ टक्के. वकिलांना सरासरी ९२ मिनिटे लागली, यंत्राला २६ सेकंद. परंतु चाचणी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचीच होती आणि करार एकाच ठरावीक साच्याचे. शाळेच्या फायलीत मुद्रांकाच्या कागदावरचा मराठी मजकूर, हाताने केलेली दुरुस्ती, हरवलेले परिशिष्ट असे सगळे निघते. परिशिष्ट स्कॅनच झाले नसेल, तर त्यातले कलम ‘नाही’ म्हणून यंत्र मोकळे होईल. म्हणून प्रत्येक उत्तरासोबत पान आणि कलम क्रमांक मागावा आणि मूळ कागद माणसाने उघडून पाहावा. शिवाय शाळेचा करार कोणत्याही फुकट चॅटबॉटमध्ये टाकणे धोक्याचे, कारण तपासणीचे साधन पुरवणारी कंपनीही एक सेवा पुरवठादारच आहे. तिच्याशी होणाऱ्या कराराला हेच प्रश्न विचारायला हवेत.

कागदापलीकडचेही यंत्राला दिसत नाही. लॉस एंजेलिसच्या शाळांनी मार्च २०२४ मध्ये ‘एड’ नावाचा चॅटबॉट गाजावाजा करून आणला. करार साठ लाख डॉलरपर्यंतचा होता आणि त्यातले सुमारे तीस लाख दिलेही गेले. काही महिन्यांतच तो बनवणारी ‘ऑलहिअर’ ही कंपनी कोलमडली. नोव्हेंबरमध्ये तिच्या संस्थापिकेवर गुंतवणूकदारांना फसवल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुरवठादाराची ऐपत जोखायला ताळेबंद मागावा लागतो, जुन्या ग्राहकांना फोन करावे लागतात.

महाराष्ट्रातल्या संस्थांच्या दृष्टीने हा विषय आता कायद्याचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक ठरतो. माहितीवर प्रक्रिया करणारी बाहेरची कंपनी नेमायची तर वैध करार लागतोच. आणि करारात काहीही लिहिलेले असो, कायदा पाळण्याची जबाबदारी संस्थेवरच राहते. सुरक्षेत कुचराई झाल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे मे २०२७ पर्यंत शाळा-महाविद्यालयांना कपाटातले जुने करार बाहेर काढून, परिशिष्टांसह स्कॅन करून, एकेक वाचून घ्यायचे आहेत. सुरुवात मुलांची नावे आणि पत्ते ज्या ॲपमध्ये आहेत, त्याच्या करारापासून करावी.