‘पँथर’ की ‘प्यांथर’?

इंदापूर तालुक्यातील लासुर्णे येथे एका सभेत एक कार्यकर्ता ‘दलित प्यांथर’ म्हणाला आणि व्यासपीठावरचे एक सुशिक्षित पाहुणे हसले. पाहुणे आपल्यातलेच, म्हणून ते हसणे अधिक लागले. शुद्ध उच्चार कोणता, हे ठरवण्याची फूटपट्टी आपण कुणाकडून उसनी आणली आहे?

‘ॅ’ हे चिन्ह मराठीत मूळचे नव्हे. ते रुळण्यापूर्वी आपले छापखाने ‘ब्यांक’, ‘म्यानेजर’ असेच छापीत. शेजारची कन्नड आजही ‘ब्यांक’ असेच लिहिते. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना शासनमान्य वर्णमालेत जागा मिळाली ती 2009 साली! तेव्हा लासुर्ण्याचा ‘प्यांथर’ हा अडाण्याचा अपभ्रंश नाही, ती एके काळच्या शिष्टांचीच रीत आहे.

बरे, पाहुण्यांचा उच्चार तरी इंग्रजी होता काय? इंग्रजीतला तो ध्वनी जिभेचे टोक दातांशी नेऊन, हवा घासून काढावा लागतो. आपला ‘थ’ तसा नाही. म्हणजे हसणाऱ्याचा ‘थ’ही मराठीच! खुद्द इंग्रजीतही हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा ‘एच’शिवाय लिहीत, लॅटिन रूपाकडे पाहून ते अक्षर मागाहून आले. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत तर लोक ‘पेंटर’ म्हणत. रंगारी आणि जनावर एकाच नावाचे!

1966 साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्या नावावरून 1972 साली मुंबईत दलित पँथर. पुढे हा शब्द प्रांतोप्रांती फिरला. हिंदीत तो ‘पैंथर’ झाला, कारण हिंदी वाचक ‘पँ’मधील चंद्रबिंदू वाचून नाकातला ‘अ’ उच्चारील. उलट आपण ‘पैंथर’ वाचताना ‘पइंथर’ म्हणू. तमिळनाडूत 1982 साली मदुराईत दलित पँथरच्या नावानेच चळवळ सुरू झाली. पुढे तिथे शब्दच बदलला आणि ‘विडुदलै चिरुत्तैगळ’, म्हणजे मुक्तीचे बिबटे, हे नाव रूढ झाले. मराठीत ‘दलित बिबट्या’ कुणी म्हटले नाही. परक्या शब्दातला दरारा आपल्याला हवा होता, असे मला वाटते.

जुन्या पत्रकांची सूची करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती. ‘पँथर’, ‘पॅन्थर’, ‘प्यांथर’ ही रूपे जशी सापडतील तशीच उतरवा. तांबड्या शाईने सारी एकसारखी करू नका. पत्रक छापखान्यात शुद्ध झाले की वस्तीतल्या कार्यकर्त्याने रात्री बसून हाताने लिहिले, याचा माग पुष्कळदा त्या एका अक्षरावरूनच लागतो.