कपाशीला भेंडीसारखी पानं का येतात?



निंदायला गेल्यावर कधी कधी दिसतं, कपाशीची खालची पानं नेहमीसारखी पसरट. पण शेंड्याची पानं अरुंद, बोटांसारखी चिरलेली, अगदी भेंडीसारखी. रोग आला समजून आपण दुकानातून औषध आणतो. पैसे जातात, पान सुधारत नाही. कारण बहुतेक वेळा हा रोग नसतोच. आज आपण ते समजून घेऊ.

पान जन्माला येतं शेंड्याच्या आत, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक. झाड स्वतःच काही रसं तयार करतं, त्यांना संजीवकं म्हणतात. त्यातलं एक ऑक्झिन. शेंड्यात ते जिथे गोळा होतं तिथे बारीक फुगवटा येतो. तेच पुढचं पान. पानात शिरा कुठून जाणार, कडा कशी होणार, हेही ऑक्झिनच्या वाटांवर ठरतं. हरभऱ्याचा शेंडा आपण खुडतो तेव्हा बाजूचे फुटवे येतात, तेही यामुळेच. शेंड्यातलं ऑक्झिन त्यांना दाबून ठेवत असतं.

आता टू-फोर-डी हे तणनाशक घ्या. ते ऑक्झिनचंच सोंग घेतं. झाड स्वतःचं ऑक्झिन कमी-जास्त करतं, पण हे त्याला आवरत नाही. ज्वारी, गहू, ऊस ते सोसतात. रुंद पानांचं तण मरतं. कपाशीही रुंद पानांचीच, आणि फार नाजूक. पंपाच्या तळाशी राहिलेला थोडासा अंशही तिला पुरतो. जुन्या पानांचा आकार आधीच ठरलेला असतो, म्हणून बिघडतात ती नवी पानं.

मग करायचं काय? तणनाशकाचा पंप कायम वेगळा ठेवा. नुसत्या पाण्याने विसळून भागत नाही. शेजारी कपाशी असेल तर वारा असताना टू-फोर-डी फवारू नका, फवारू देऊ नका. पंप धुतलेलं पाणी विहिरीजवळ, नाल्यात ओतू नका. पानं बिघडलीच, तर घाईने कीडनाशक मारू नका. आधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना झाड दाखवा. मार थोडा असेल तर पुढे चांगली पानं फुटतात.

एकटीला दुसरा पंप परवडत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण गटाला परवडेल. येत्या बैठकीत विषय काढा, आणि तणनाशकाच्या पंपाला लाल रंगाचा पट्टा मारा. वाचता येवो न येवो, तो सगळ्यांना कळेल.